एका शेळीच्या तीन यशोगाथा

माझं छापून आलेलं पहिलं लेखन चार शून्यांनी संपतं. विनय म्हणून सांगत नाही. सरकारी वृत्त संपलं की खाली ‘००००’ टाकायची पद्धतच आहे. मजकूर संपला, आता पुढचं पान शोधत बसू नका, अशी ती पेपरवाल्यांना खूण. १९९५ साली मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी सरकारी माहिती खात्यात चिकटलो आणि पहिल्याच आठवड्यात पल्स पोलिओच्या तारखांची आठ ओळींची बातमी लिहिली. साहेबांनी ती दोनदा वाचली. मजकुरात काना-मात्रेचाही बदल केला नाही. मी शून्यं तीनच टाकली होती, तिथे लाल शाईनं चौथं घातलं आणि म्हणाले, “बघून लिहीत जा.”

पुढे एकोणीस वर्षं सरकारात काढली. मग सहा वर्षं एका कंपनीच्या फाउंडेशनमध्ये. आणि आता मी स्वयंसेवी संस्थांचा ‘संवाद सल्लागार’ आहे. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं भरावी लागतात आणि मी एकोणिसाव्या वर्षी राजीनामा दिला, ही वस्तुस्थिती मला घरातून अधूनमधून कळवण्यात येते.

या तिन्ही नोकऱ्यांना इंग्रजीत एकच नाव आहे, कम्युनिकेशन्स. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधले लोक मोबाइलची रेंज गेली की माझी बेल वाजवतात. आईला मात्र मी एकदा नीट बसवून समजावून सांगितलं. कंपनी पैसे देते, संस्था काम करते, मी त्याबद्दल लिहितो. आई शेंगा सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, “म्हणजे पहिल्यानं दिलेलं दुसऱ्याला पोचलं, असं तू तिसऱ्याला सांगतोस.”

“हो.”

“मग वासुदेवच की. टोपी तेवढी नाही.”

मी चिडलो होतो, पण नंतर विचार केला तेव्हा पटलं. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव दारात येतो. घरची बाई सुपातून पसाभर ज्वारी त्याच्या झोळीत टाकते. तो तिथेच उभा राहून चिपळ्यांच्या तालावर जाहीर करतो, की हे दान पंढरपुरात विठोबाला पावलं, जेजुरीत खंडोबाला पावलं, तुळजापुरात भवानीला पावलं. देणगीची पोच, विनियोगाचा दाखला, लाभार्थ्यांची यादी आणि भौगोलिक व्याप्ती, सगळं एका मिनिटात. स्लाइड एकही नाही. आणि ज्वारी देणारी बाई कधी जेजुरीला जाऊन खंडोबाला विचारत नाही, की बाबा, तुला नक्की किती मिळाली? एवढा विश्वास मला तीन नोकऱ्यांत मिळून कुणी दाखवला नाही.

सरकारातला दिवस कात्रणांनी सुरू व्हायचा. शिपाई पेपरचा गठ्ठा आणायचा, मी लाल पेन्सिलनं खुणा करायचो, तो कात्रीनं कापून डिंकानं कोऱ्या कागदावर चिकटवायचा आणि वर पेपरच्या नावाचा शिक्का. साहेब लोक दहाला खुर्चीत बसायच्या आत फाइल टेबलावर. कात्रणांच्या दोनच जाती, अनुकूल आणि प्रतिकूल. पुलाचं उद्घाटन झालं, अनुकूल. पूल वाहून गेला, प्रतिकूल. प्रतिकूल कात्रण आलं की खुलासा काढायचा. खुलाशाचं पहिलं वाक्य ठरलेलं, सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही. ही वस्तुस्थिती मी एकोणीस वर्षांत प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. ती वस्तूपासून आणि स्थितीपासून सारख्याच अंतरावर कुठेतरी राहत असावी.

सरकारी मराठीत आणखी एक सोय आहे, जी जगातल्या कुठल्याही नोकरशाहीनं उसनी घ्यावी. तिथे कुणीच काही करत नाही. सगळं ‘करण्यात येतं’. रस्ता करण्यात येईल, चौकशी करण्यात येत आहे, मदत देण्यात आली. वाक्याला कर्ता म्हणून नाहीच. काम जणू स्वतःच एस.टी.नं निघालंय आणि येईल तेव्हा येईल. फाउंडेशनमध्ये आल्यावर मी सवयीनं “अहवाल पाठवण्यात येईल” असं लिहिलं, तेव्हा तिथल्या एका पंचविशीतल्या मुलीनं निरागसपणे विचारलं, “सर, पण कौन भेजेगा?” मला घाम फुटला. हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा विचारण्यात आला होता.

निमंत्रणपत्रिका हे वेगळं शास्त्र. ‘मा.’ कुणापुढे लावायचं, कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून मी लोकांना आयुष्यभराचं वैर घेताना पाहिलंय. म्हणून तर ‘प्रमुख उपस्थिती’, ‘विशेष उपस्थिती’ आणि ‘सन्माननीय उपस्थिती’ अशा तीन प्रकारच्या उपस्थित्या निघाल्या. यात फरक काय, असं मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, “फरक असता तर भांडण झालं असतं.”

आणि मग फ्लेक्स आला. फ्लेक्सनं आमच्या धंद्याचं जे केलं ते छपाईच्या शोधानंसुद्धा केलं नसेल. २००० साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. काम मोठं होतं, गावं खरोखर झाडून निघाली. स्वतः बाबांची पद्धत सोपी होती. गावात शिरायचं, हातातल्या खराट्यानं आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात गावाला चार प्रश्न विचारायचे. बॅनर नाही. आम्ही मात्र प्रत्येक गावात स्वच्छतेचे एवढे बॅनर लावले, की कार्यक्रम झाल्यावर गावातला सगळ्यात मोठा कचरा तोच असायचा.

पाच-सहा वर्षांनी हागणदारीमुक्तीची मोहीम जोरात आली. एका तालुक्याच्या गावी मोठा सोहळा होता. वेशीवर दहा बाय वीसचा फ्लेक्स लागणार, त्यावर मजकूर माझा: ‘हागणदारीमुक्त तालुक्यात आपले सहर्ष स्वागत’. संध्याकाळी प्रूफ तपासून मी घरी गेलो. रात्री साडेअकराला एका स्थानिक नेत्याचा फोटो राहिल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. फ्लेक्सवाल्याला दमदाटी झाली. त्या बिचाऱ्यानं जागा शोधली आणि फोटो बसवला, नेमका ‘मुक्त’वर. सकाळी मी पोचलो तर वेशीवर लिहिलं होतं, हागणदारी, मग हात जोडून हसणारा चेहरा, मग तालुक्यात आपले सहर्ष स्वागत.

सांगायची गोष्ट पुढे आहे. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पाहुणे त्याच कमानीखालून गेले. भाषणं झाली, चौथीतली दोन पोरं फ्लेक्सकडे बोट दाखवून एकमेकांच्या अंगावर पडत होती, त्यांना मास्तरांनी मागे नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात छापून आला. ते कात्रण अनुकूलमध्ये लावावं की प्रतिकूलमध्ये, यावर मी अर्धा तास घालवला. शेवटी त्या नेत्याचाच फोन आला. फोटो फार छान आलाय, चार प्रती पाठवा. अनुकूल.

त्या फ्लेक्सचं पुढे काय झालं हे मला २०१२ साली कळलं. दुष्काळाचं वर्ष, चारा छावण्या पडल्या होत्या. आणि वरून आदेश आला, की जिल्ह्यातून यशोगाथा पाठवा. यशोगाथा हा आमच्या खात्याचा पोवाडा. तिचं शीर्षक कसं असतं? ‘शेळीपालनातून साधली आर्थिक उन्नती’. ‘बचत गटाने दिला संसाराला आधार’. क्रियापद उडी मारून पुढे येतं. घरात कुणी ‘मी खाल्ली भाकरी’ म्हणत नाही, पण यशोगाथेत माणूस नेहमी साधली, गाठले, केली मात. मी एका वस्तीवर गेलो. तिथल्या एका मावशींना दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळाला होता. उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर, लोंबते कान. गोठा म्हणजे चार मेढी, आणि वर छप्पर होतं माझ्या फ्लेक्सचं. चेहरा खालच्या बाजूला. हात जोडून हसणारा तो गृहस्थ सहा वर्षं शेळ्यांचं सहर्ष स्वागत करत होता.

मी वही काढून विचारलं, “मावशी, योजनेमुळे तुमच्या जीवनात काय बदल झाला?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “आदी दोन व्हत्या, त्यांच्या मागं पळत व्हते. आता धा हायत. धाजणींच्या मागं पळते.”

हे वाक्य मी लिहून घेतलं आणि कार्यालयात आल्यावर खोडलं. तिथे लिहिलं, ‘शेळीपालनामुळे आपल्या जीवनाला नवी दिशा मिळाल्याचे त्यांनी सांगितले.’ फोटोतलं छप्पर कापलं, कारण मधल्या काळात तो नेता पक्ष बदलून बसला होता. निघताना मावशी म्हणाल्या होत्या, “सायेब, त्या फोटूतला येक मला द्याल का? रेशनकार्डावरचा सोडला तर माजा फोटूच न्हाई. आन त्यात मी चोरावानी दिसते.” मी म्हणालो, नक्की पाठवतो. तेव्हा मी सरकारात होतो, म्हणजे फोटो पाठवण्यात येणार होता.

१ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. पाचशे कोटींचं नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. आपल्याकडे दान या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात. या कायद्यात ते संचालक मंडळाच्या अहवालात छापावं लागतं. म्हणजे छापणारा लागणार. मुंबईतल्या एका फाउंडेशननं मला बोलावलं आणि मी राजीनामा खरडून रेल्वेत बसलो.

जुन्या मुंबईत माणूस जे. जे.त जन्मून जे. जे.त चित्रकला शिकू शकत होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांना त्याकरता कम्युनिकेशन्स टीम ठेवावी लागल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या फाउंडेशनमध्ये मात्र लोगोसाठी ऐंशी पानांचं पुस्तक होतं. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, निळा म्हणजे नेमका कुठला निळा, सगळं त्यात. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं ना, तेच; फक्त इथे पंखा फिरू लागल्यावर नाव वाचता येत नाही म्हणून पंखा बंद ठेवा, असं सांगणारा एक विभाग होता.

भाषा बदलली. सरकारातला ‘लाभार्थी’ इथे आधी बेनिफिशियरी झाला, मग कुणीतरी परिषदेहून आलं आणि तो पार्टिसिपंट झाला, पुढच्या वर्षी चेंजमेकर. तेवढ्या काळात त्याच्या घरी नळ आला नव्हता. यशोगाथेला ‘इम्पॅक्ट स्टोरी’ म्हणायचे. तिच्यात आधी अंधार लागतो, मग आमची एंट्री, मग प्रकाश. एक गोष्ट मात्र मला मंत्रालयाची आठवण करून द्यायची, ती म्हणजे मार्च. फेब्रुवारीपर्यंत ‘स्ट्रॅटेजिक अलाइनमेंट’ चाललेलं असायचं आणि मार्चमध्ये सगळे ओरडत सुटायचे, की कुणी शेळ्या घेता का शेळ्या.

२०१६च्या एप्रिलात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं त्याच दिवसांत, आम्ही शूटिंगला मराठवाड्यात उतरलो. फाउंडेशननं ज्या गावांत शेळ्या वाटल्या होत्या त्यात ती वस्ती होती. आणि त्या वस्तीत त्या मावशी. आधीच्या गटातल्या तीनच शेळ्या उरल्या होत्या, बाकीच्या दुष्काळात विकल्या होत्या. आता आमच्या कंपनीनं पाच नव्या दिल्या होत्या.

“तुमीच का परत?” मावशी म्हणाल्या. “औंदा कुणाकडनं आलाव?”

मुंबईचा फोटोग्राफर गुणी होता, पण पहिल्याच फोटोनंतर त्यानं कपाळाला हात लावला. काळी शेळी, काळसर गोठा, वर कडक ऊन. “सर, शेळी दिसतच नाहीये. भोक पडल्यासारखं दिसतंय.” उस्मानाबादी शेळीची ही अडचण कुठल्याच योजनेत विचारात घेतलेली नाही. मग वस्तीत उजळ रंगाच्या शेळीचा शोध सुरू झाला. शेजारणीकडे एक तांबूस-पांढरी होती. शेजारीण द्यायला तयार नव्हती. शेवटी तासाभरात परत करायच्या बोलीवर दिली, आणि स्वतः कॅमेऱ्याच्या बाहेर हाताची घडी घालून उभी राहिली. शेळीच्या कानात विम्याचा पिवळा बिल्ला होता. फोटो बघून मुंबईहून ब्रँडवाल्यांचा संदेश आला, “ये येलो हमारे पॅलेट में नहीं है.” तो बिल्ला पुढे संगणकावर आमचा निळा करण्यात आला.

‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही फोटो त्याच दिवशी काढायचे होते, कारण गाडी संध्याकाळी परत जायची होती. सकाळी विटकी साडी, डोक्याला हात. जेवणानंतर नवी साडी, कमरेवर हात. पाणी पिता पिता मावशी शेजारणीला म्हणाल्या, “सकाळी मी गरीब व्हते. दुपारनं सुधारले.” संपूर्ण वार्षिक अहवालात एवढं नेमकं वाक्य नव्हतं. अहवालात होतं ते वेगळं, आणि ते इंग्रजीत होतं.

तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आला, कॅलेंडरच्या जुलैवर आला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसच्या लॉबीत सहा फुटी स्टँडीवर आला. लिफ्टची वाट बघताना लोक त्या शेळीच्या कानाला हात लावून बघायचे. निघताना मावशींनी पुन्हा विचारलं होतं आणि मी पुन्हा नक्की म्हणालो होतो.

२०२०नंतर मी स्वतंत्र सल्लागार झालो. याचा अर्थ पगाराऐवजी बिल द्यायचं, त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि उरलेल्याची वाट बघायची. संस्थांबद्दल फार चेष्टा करायला माझा हात धजत नाही. दोन खोल्यांचं भाड्याचं ऑफिस, भिंतीवर फुले-शाहू-आंबेडकर, खाली सतरंजी, एकाच प्रिंटरवर अख्खी संस्था, आणि तो प्रिंटर नेमका मार्चमध्ये बिघडतो. सगळ्या बायका ताई, सगळे पुरुष भाऊ, हिशेबनीस तेवढे सर. परदेशी देणगीतला प्रशासनावरचा खर्च त्याच वर्षी कायद्यानं पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणला, आणि पैसे घ्यायचे तर खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेत. ताई तालुक्याच्या गावी बसून दिल्लीच्या शाखेशी फोनवर बोलायच्या, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

अशा एका संस्थेनं मला ‘संवाद धोरण’ करायला बोलावलं. मी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. चार्ट पेपर, रंगीत कार्डं, उपमा, चहा. ‘आपली गोष्ट सांगा’ हा माझा विषय. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ताई हळूच म्हणाल्या, “सर, गोष्टी आहेत हो भरपूर. पण त्याच दहा शेळ्या तीन देणगीदारांच्या तीन अहवालांत दाखवायच्या आहेत. तिन्ही मिळून तीस होतात. ते तेवढं कसं लिहायचं सांगा.” माझ्या धोरणात त्याला ‘नॅरेटिव्ह इंटिग्रेशन’ असं नाव आहे.

आणि मग फील्ड व्हिजिट. जीप त्या वळणाला लागली तेव्हाच मला कळलं.

मावशींच्या डोक्याचे केस पांढरे झाले होते. गोठ्यावर आता पत्रे होते. यावेळी माझ्याकडे संमतीपत्र होतं, कारण आता संमती घेतल्याशिवाय फोटो काढायचा नाही असा नियम आहे, आणि तो चांगलाच आहे. नातवानं त्यांना ते वाचून दाखवलं. माझी प्रतिमा जगात कुठेही, कितीही काळ, कोणत्याही माध्यमात वापरण्यास माझी हरकत नाही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी जगाला दिसणार.”

“हो मावशी.”

“आन मला कवा?”

त्या रात्री घरी येऊन मी जुनी हार्ड डिस्क काढली. स्टँडीवाला फोटो सापडला. स्टुडिओत आठ बाय बाराची प्रत काढली, चौकट घातली, काच बसवली आणि ताईंच्या हाती पाठवली. दहा वर्षांत पूर्ण झालेलं माझं हे पहिलं आश्वासन. बायकोलासुद्धा सांगितलं.

चौथ्या दिवशी मावशींच्या नातवाचा फोन आला. “सर, फोटू लई भारी हाय. आजीनं भिंतीला लावलाय. पण शेजारची काकू भांडायलीय.”

“का?”

“त्यातली शेळी तिची हाय नव्हं. ती शेळी मेली दोन वर्सांमागं. काकू म्हणती, फोटू माजा.”

“अरे, मग काकूंना दुसरी प्रत पाठवतो.”

पलीकडे बरीच कुजबुज झाली. मग पोरगं परत आलं. “सर, काकू म्हणती पाठवा. पण तिच्या फोटूत आजी नगं. नुसती शेळी पायजे.”

मी लॅपटॉप उघडला. कानातला बिल्ला पुन्हा पिवळा करायला बराच वेळ गेला. मावशींना कापायला मात्र काहीच वेळ लागला नाही. त्याला हात बसलेला होता.